गावची पालखी फोनवरून लाईव्ह: लॅरिक्स ब्रॉडकास्टर आणि एसआरटीची पारख

निकाल आधी सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीतून एका फोनवर, एका सिमवर लाईव्ह करायचं असेल तर ॲप लॅरिक्स ब्रॉडकास्टर, प्रोटोकॉल (व्हिडिओ पाठवायची रीत) एसआरटी, चित्र ७२० पी, सेकंदाला ३० फ्रेम, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) दीड ते दोन एमबीपीएस आणि लेटन्सी (मुद्दाम राखलेला उशीर) अडीच ते तीन सेकंद. यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक जण नेमका तोच आहे तसा सोडून देतात. एसआरटीची मुळातली लेटन्सी १२० मिलिसेकंद असते. चांगल्या केबलवर ती चालते, सड्याखालच्या, म्हणजे कातळपठाराखालच्या, वाडीत चालत नाही.

कोकणात व्हिडिओ तुटतो कसा, ते आधी बघायला हवं. टॉवर बहुधा वर सड्यावर किंवा हमरस्त्याला. वाडी खाली, खाडीच्या नाहीतर वहाळाच्या अंगाला, माडा-पोफळीत. फोनवर रेंजच्या चार काड्या दिसतात आणि तरी अपलोड अडखळतं, कारण काड्या सांगतात फोनला टॉवर किती ऐकू येतो ते. टॉवरला फोन ऐकू येतो का, ते त्या सांगत नाहीत. फोरजी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉट जोराने बोलतो, टॉवर काही वॉटपासून काही दहा वॉटपर्यंत. लाईव्ह करणाऱ्याचा सगळा माल या दुबळ्या बाजूने जातो.

दुसरी गोष्ट अशी, की रेडिओवरची चूक फोरजीत फोन आणि टॉवर आपापसातच दुरुस्त करतात. तुकडा बिघडला की साधारण ८ मिलिसेकंदांत तो पुन्हा जातो. तेवढ्याने भागलं नाही तर वरचा थर पुन्हा मागून घेतो. म्हणून ॲपपर्यंत चूक अशी फारशी पोचतच नाही, पोचतो तो उशीर. पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवतात ती एकेक सुटी नाहीत, तर घाऊक. पालखी एका घरून दुसऱ्या घरी जाताना फोन एक टॉवर सोडून दुसरा धरतो तेव्हा, किंवा गणपतीत सगळे चाकरमानी एकदम गावात उतरून एकाच टॉवरवर व्हिडिओ चढवू लागतात तेव्हा, सेकंद-दीड सेकंद काहीच जात नाही आणि मग सगळं एकदम वाहू लागतं. पावसाळ्यात आणखी एक भानगड. फोन ते टॉवर या वाटेला पावसाचा त्रास कमीच. पण टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्हची जोडणी असेल तर मुसळधार सर त्या जोडणीला मारते. मग पूर्ण काड्या आणि शून्य डेटा असा प्रकार दिसतो.

हे धरून आता पर्याय बघू.

यूट्यूबचं स्वतःचं मोबाईल ॲप सगळ्यात सोपं. त्यासाठी चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि लाईव्हची सोय पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं. होळीच्या संध्याकाळी हे कळलं तर पालखी सहाणेवरून (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावरून) परत जाईल, लाईव्ह होणार नाही. पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे: खंड पडला तर काय करायचं, याबद्दल वापरणाऱ्याच्या हातात तिथे जवळजवळ काहीच नाही.

आरटीएमपी ही लाईव्ह पाठवायची जुनी रीत कुठलंही ॲप देतं, यूट्यूब थेट स्वीकारतं. त्याच्या खाली टीसीपी असतं, म्हणजे मधलं एक पॅकेट अडकलं की मागची सगळी रांगेत. मोठा खंड पडला की टीसीपी आपला वेग खाली आणतं, पुन्हा प्रयत्न करताना दर वेळी आधीच्या दुप्पट थांबतं, आणि वाट मोकळी झाल्यावरही हळूहळू वर चढतं. तोवर ॲपमध्ये फ्रेम साचतात आणि शेवटी टाकून द्याव्या लागतात. एक गोष्ट मात्र आरटीएमपीच्या बाजूने बोलायला हवी: चित्र फाटत नाही, थांबतं. राजापूर किंवा कुडाळसारख्या ठिकाणी एका जागी तिवईवर फोन लावून, फायबरच्या वाय-फायवर दशावतार दाखवायचा असेल तर आरटीएमपी पुरेसं आहे. एसआरटीच्या खटाटोपाची तिथे गरज नाही.

एसआरटी हाव्हिजन कंपनीने बनवला आणि २०१७ मध्ये सगळ्यांना खुला केला. तो यूडीपीवर चालतो, जे टीसीपीसारखं एका पॅकेटासाठी मागची सगळी अडवत नाही. पाठवणारा प्रत्येक पॅकेटवर वेळ मारतो, घेणारा ठरलेल्या लेटन्सीइतका वेळ ते हातात धरून ठेवतो, मधलं काही आलं नसेल तर फक्त तेवढंच परत मागतो, आणि वेळ संपली की न आलेल्याचा नाद सोडून पुढे जातो. पाठ्यपुस्तकी सल्ला असा, की जाऊन येण्याचा जो वेळ असेल त्याच्या चौपट लेटन्सी ठेवा. मोबाईलवरून मुंबईच्या सर्व्हरचा पिंग ८० मिलिसेकंद असेल तर ३२० ठेवा. हा सल्ला सुट्या सुट्या हरवणाऱ्या पॅकेटांसाठी ठीक. आपल्याकडे हरवतो तो सलग दीड सेकंद, त्यामुळे लेटन्सी खंडाच्या लांबीवर ठरवायची, पिंगवर नाही. लांबी दीड सेकंद, वर परत मागण्या-पाठवण्याला अर्धा, आणि लगेच दुसरा खंड आला तर त्यासाठी अर्धा. असे अडीच होतात. पालखी गर्दीतून नाचवताना फोनही बरोबर फिरणार असेल तर तीन ठेवावी. आधीच यूट्यूबवर कित्येक सेकंदांचा उशीर असतो, त्यात हे तीन कुणाला जाणवणार?

वरची मर्यादाही आहे. समोरून ५ सेकंद काहीच आलं नाही तर एसआरटी जोडणी मेली असं धरतो. ही त्याची मुळातली मुदत. त्यामुळे लेटन्सी ८ सेकंद करून ८ सेकंदांचा खंड पचत नाही, जोडणी त्याआधीच तुटलेली असते.

आता बिटरेट. लेटन्सीने वेळ मिळतो, पण साचलेली थकबाकी फेडायला वाटेत जागा हवी. दोन एमबीपीएसचा प्रवाह दीड सेकंद अडला तर ३ मेगाबिट साचतात. अपलोड ४ एमबीपीएस पेलत असेल तर नवीन येणारं सांभाळून ही थकबाकी दीड सेकंदात फिटते. अपलोड अडीचच असेल तर सहा सेकंद लागतात, आणि त्या सहा सेकंदांत दुसरा खंड आला की फाटलं. म्हणून ऐन वेळी, ऐन जागी, गर्दी जमल्यावर चार-पाचदा अपलोड मोजायचा आणि सगळ्यात कमी आकड्याच्या निम्मा बिटरेट धरायचा. सकाळी रिकाम्या देवळात मोजलेला आकडा कामाचा नाही.

इथे लॅरिक्समधली एक जागा नीट बघा. एसआरटीच्या सेटिंगमध्ये कमाल बँडविड्थचा रकाना असतो. तिथे ० असेल तर एसआरटी मूळ प्रवाहावर फक्त २५ टक्के जास्तीचं पाठवू देतो. म्हणजे वाट ४ एमबीपीएसची असली तरी दोनचा प्रवाह अडीचच्या वर जाणार नाही आणि थकबाकी रेंगाळेल. रकाना भरायचा तर तो बाइटमध्ये असतो, बिटमध्ये नाही: ४ एमबीपीएससाठी ५०००००.

लॅरिक्स सॉफ्टव्हेलम कंपनीचं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. मोफत आवृत्तीला मर्यादा आहेत, सगळ्या सोयींसाठी वर्गणी. सणाआधी गावात बसून मोफत आवृत्तीवर पूर्ण वाट तपासावी आणि मग पैसे भरावेत. आवडलेल्या गोष्टींत पहिली म्हणजे बिटरेट आपोआप खाली-वर करण्याच्या तऱ्हा. त्यातल्या दोन अशा: एक पायरी पायरीने खाली उतरते, दुसरी आधी झटकन मोठी कपात करते आणि मग शिडी चढल्यासारखी वर येते. घाऊक खंडांच्या मुलखात दुसरी जास्त बरी वागते, कारण थकबाकी फेडायला जागा लगेच मोकळी होते. दुसरी सोय, पाठवता पाठवता फोनमध्येच पूर्ण चित्रण जपून ठेवण्याची. तिसरी, सगळी सेटिंग्ज एका दुव्यात किंवा क्यूआर कोडमध्ये बांधून दुसऱ्या फोनला देता येतात. मुंबईत बसलेला जाणकार ती व्हॉट्सॲपवर पाठवतो, गावातला पोरगा दुवा उघडतो, झालं. पत्ता, पोर्ट आणि पासफ्रेज फोनवर ओरडून सांगण्यापेक्षा हे हजारपट बरं. नावडतं ते हेच, की सेटिंग्जचं जंगल आहे. नवख्याने दुव्याशिवाय आत शिरू नये.

एसआरटी थेट यूट्यूबला देण्याऐवजी मध्ये एक मुक्काम ठेवावा. फोन पाठवतो भाड्याच्या सर्व्हरला, तिथून मुंबईतल्या एखाद्या घरच्या संगणकावरचं ओबीएस (लाईव्ह प्रक्षेपणाचं मोफत सॉफ्टवेअर) उचलतं आणि यूट्यूबला आरटीएमपीने देतं. फोन थेट ओबीएसला का नाही जोडायचा? कारण बहुतेक मोबाईल आणि बऱ्याच घरगुती फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो. बाहेरून कुणी आत येऊच शकत नाही. सर्व्हरला तो असतो. फोन आणि ओबीएस दोघांनीही हाक मारणारे व्हायचं, सर्व्हरने ऐकणारा.

सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमधला घ्यावा. सगळ्यात लहान चालतो, कारण तो चित्राला हात लावत नाही, फक्त पुढे देतो. त्यावर मीडियाएमटीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर. एसआरटीसाठी ते ८८९० पोर्ट वापरतं. लोक फायरवॉलमध्ये ८८९० उघडतात पण टीसीपीचा. एसआरटीला यूडीपी लागतो. 'जोडत नाही' या तक्रारीत पहिली तपासणी हीच. दुसरी स्ट्रीम आयडीची: पाठवताना प्रवाहाच्या नावाआधी 'पब्लिश' आणि कोलन (:), उचलताना 'रीड' आणि कोलन, दोन्ही शब्द इंग्रजी लिपीत. पासफ्रेज १० ते ७९ अक्षरांचा हवा. आठ अक्षरी पासवर्ड टाकून कुणी बसलं असेल तर ती तिसरी.

ओबीएसमध्ये मीडिया सोर्स घेऊन 'लोकल फाइल'वरची खूण काढायची आणि सर्व्हरचा पत्ता द्यायचा. सापळा असा, की ओबीएस इथे एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या मोफत साधनाच्या रीतीने लेटन्सी मायक्रोसेकंदांत घेतं, लॅरिक्स मिलिसेकंदांत. अर्धा सेकंद हवा तर इकडे ५००००० लिहायचं. नुसतं ५०० लिहिलं तर अर्धा मिलिसेकंद होतो. दोन टोकांनी मागितलेल्यांपैकी मोठी लेटन्सी लागू होते, म्हणून ओबीएसने क्षुल्लक आकडा मागितला तरी समोरच्याची १२० चालते. त्यामुळे ही चूक लगेच दिसत नाही. घरच्या वाय-फायने गचके दिले की दिसते.

त्याच मीडिया सोर्समध्ये पुन्हा जोडण्याचा अवधी मुळात १० सेकंद असतो, तो २ वर आणावा. 'प्लेबॅक संपल्यावर काहीही दाखवू नका' हा पर्याय चालू ठेवावा आणि खालच्या थरात देवळाचा फोटो, 'रेंज येताच पुढे दाखवू' असं लिहून. गावाकडची जोडणी तुटली की प्रेक्षकाला हा फोटो दिसतो आणि यूट्यूबचं प्रक्षेपण चालूच राहतं. नुसत्या एफएफएमपेगने पुढे ढकललं तर प्रवाह आटताच प्रक्षेपणही थांबतं, दुवा पुन्हा फिरवावा लागतो, आणि निम्मे लोक परत येत नाहीत. आमच्या मते मध्ये ओबीएस ठेवायचं खरं कारण हेच.

ओबीएस चित्र नव्याने बांधतंच, तेव्हा फोनवरून एचईव्हीसी (चित्र दाबून लहान करण्याची नवी रीत) पाठवायला हरकत नाही. त्याच दर्जाला ते एच.२६४ पेक्षा बरेच कमी बिट खातं. फोन जुना असेल तर मात्र तापतो, मग एच.२६४ वरच राहावं. कीफ्रेम, म्हणजे दुसऱ्या फ्रेमवर न बेतलेली पूर्ण फ्रेम, दोन सेकंदांनी. पॅकेट वेळेत आलं नाही तर चित्र ज्या क्षणी फाटतं, तिथपासून पुढच्या कीफ्रेमपर्यंत फाटलेलंच राहतं, कारण मधल्या फ्रेम आधीच्या फ्रेमवर बेतलेल्या असतात. एक सेकंदाची कीफ्रेम केली तर डाग लवकर पुसला जातो, पण कीफ्रेम जाड असते. दीड एमबीपीएसमध्ये ढोल-ताशाच्या गर्दीचं चित्र त्याने आणखी ठोकळेदार होतं. दोन ठीक. एफईसी, म्हणजे चूक दुरुस्त करायला आधीच जास्तीची पॅकेट जोडणं, बंद ठेवावं. सुटी पॅकेट हरवतात तिथे ते कामाचं. सलग दीड सेकंद गेला तर जास्तीचीही त्यातच जातात, आणि एरवी तुटपुंज्या अपलोडमधला वाटा खातात.

आवाजाचं कुणी बोलत नाही, आणि खरं तर लोकांना गाऱ्हाणं (देवापुढे गुरवाने घातलेलं मागणं) ऐकायचं असतं. चित्र ठोकळेदार झालं तर विरार-डोंबिवलीचे लोक सोसतात, गुरवाचं वाक्य मध्ये तुटलं तर फोन येतात. लॅरिक्समध्ये एका जोडणीला 'फक्त आवाज' असं ठरवता येतं. म्हणून एक जोडणी चित्र-आवाजाची आणि दुसरी फक्त आवाजाची, ९६ केबीपीएसची, चार सेकंद लेटन्सीची. ओबीएसमध्ये दुसरी एरवी गप्प ठेवायची. पहिली आटली आणि फोटो दिसू लागला की तिचा आवाज वर करायचा. दोन एमबीपीएस न पेलणारी वाट ९६ केबीपीएस बहुधा पेलते. हा आवाज चित्राशी ओठ जुळवून येणार नाही, पण तेव्हा चित्रच नसतं. माइक तारेचा घ्यावा आणि आवाजाची पातळी हाताने बांधावी. आपोआप पातळी सांभाळणारा माइक ताशाच्या पहिल्या ठोक्याला दबतो, मग गाऱ्हाणं पुटपुटल्यासारखं येतं.

दोन सिम जोडून पाठवण्याबद्दल विचारणा फार होते. टीव्ही चॅनेलवाल्यांच्या पाठीवरच्या पेटीत अनेक सिम असतात, तेच स्वस्तात करायचं तर एसआरटीएलए, म्हणजे एकाहून जास्त वाटांवर पसरलेला एसआरटी. आयफोनसाठी मोब्लिन हे मोफत, खुलं ॲप आणि अँड्रॉइडसाठी आयआरएल प्रो हे दोन्ही ते बोलतात. सर्व्हरवर त्याचा वेगळा स्वीकारणारा बसवावा लागतो. दोन सिमचा एक फोन चालत नाही, कारण सर्वसाधारण फोन एका वेळी एकाच सिमचा डेटा वापरतो. म्हणून एक सिम फोनमध्ये, दुसऱ्या कंपनीचं दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर, आणि ॲप वाय-फाय व मोबाईल डेटा दोन्ही धरतं. एसआरटीएलए पॅकेट दोन वाटांत वाटून देतं, दोन्हीकडून तेच पाठवत नाही; त्यामुळे लेटन्सी दोनांतल्या मंद वाटेला पुरेल इतकी हवी. दोन्हीकडून तेच पाठवायचं असेल तर स्पीडीफायमधली 'रिडंडंट' तऱ्हा आहे. त्यात डेटा दुप्पट जातो.

पण खर्च करण्याआधी मान वर करून टॉवर बघा. गावाला एकच मनोरा असेल आणि दोन्ही कंपन्यांचे अँटेना त्यावरच असतील, तर वीज गेल्यावर बॅटरी संपते ती बहुधा दोन्हींची बरोबरच, आणि केबल तुटली तर दोन्ही बंद पडण्याची शक्यता मोठी. बाँडिंगचा, म्हणजे अशा दोन वाटा जोडण्याचा, फायदा तिथेच, जिथे एक कंपनी सड्यावरून येते आणि दुसरी खाडीपलीकडून. नेटमॉन्स्टरसारख्या ॲपवर दोन्ही सिमची सिग्नलची ताकद बघा: उणे ८५ डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ११० च्या खाली गेलेल्या सिमवर भरवसा ठेवू नये. दोन्ही उणे ११२ वर असतील तर जोडून काही हाती लागत नाही; फोन देवळाच्या जोत्यावरून उचलून गडग्यापलीकडच्या उंचवट्यावर नेला तर त्याहून जास्त फरक पडतो.

डेटाचा हिशोब: दोन एमबीपीएस म्हणजे तासाला ९०० एमबी, परत पाठवलेलं धरून साधारण १.१ जीबी. रोज दोन जीबीचा पॅक दुसऱ्या तासात संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो; त्यात फक्त-आवाजाची जोडणीही बसत नाही. ज्यादा डेटाचं व्हाउचर आधीच मारून ठेवावं. रात्रभर चालणाऱ्या दशावताराला तेवढी एक सवलत: बारा वाजता नवा कोटा सुरू होतो.

मार्च महिन्यातल्या दुपारी फोन तापतो, मग स्वतःच वेग कमी करतो आणि फ्रेम गळू लागतात. लोक याला रेंजचा दोष समजतात. ओळख सोपी आहे: बिटरेट स्थिर आणि फ्रेम ३० वरून १८-२० वर आल्या, तर उष्णता, फ्रेम ३० वर आणि बिटरेट ढासळला, तर नेटवर्क. कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, चार्जर जलद नव्हे तर साधा लावा.

यूट्यूबच्या बाजूला लेटन्सी 'नॉर्मल' निवडावी, 'अल्ट्रा लो' नाही. लोकल गाडीतून बघणाऱ्याच्या फोनलाही साठा करायला वेळ हवा, आणि तो त्याला नॉर्मलमध्येच मिळतो. डीव्हीआर चालू ठेवावा, म्हणजे उशिरा आलेला माणूस मागे जाऊन पालखी उठताना बघू शकतो. बारा तासांच्या वरचं प्रक्षेपण यूट्यूब आपोआप जपून ठेवत नाही, म्हणून लांबलचक जत्रेचे दोन भाग करावेत. टॉवरच बंद पडला तर यातलं काहीही उपयोगी नाही. तेव्हा फोनमधलं चित्रण कामी येतं. त्यातला तुटलेला तुकडा कापून रात्री एक-दोनच्या सुमारास, टॉवर मोकळा असताना चढवावा आणि त्याचा दुवा मूळ व्हिडिओच्या खाली पहिल्या कमेंटमध्ये पिन करून ठेवावा.